प्रॅम आधी की रजा आधी?

प्रश्न (लांब पत्र इथे थोडक्यात दिलंय, सोबत सामानाची यादीही होती) : मी ३० वर्षांची, डोंबिवलीत राहते. सातवा महिना सुरू आहे, पहिलंच बाळंतपण. मिस्टरांच्या हातात महिन्याला ५८,००० रुपये येतात, माझ्या ४१,०००. घराचा हप्ता २७,५००, घरखर्च साधारण ३८,०००. एकच एफडी आहे, २,२५,००० ची. बाळाच्या सामानाची यादी केली ती १,३८,००० वर गेली. सेलमध्ये सगळं १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतंय. मिस्टर म्हणतात, घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, जन्माआधी एक झबलंसुद्धा घरात आणायचं नाही. मी बाळंतपणाला मिरजेला माहेरी जाणार, तीन महिने तिथेच. एफडी मोडावी, ईएमआय घ्यावा की थांबावं?

उत्तर : तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नजर लागते की नाही ते मला ठाऊक नाही, पण पैशाच्या हिशेबात त्या बरोबर आहेत.

आधी एक गोष्ट मान्य करते. तुम्हाला ही यादी परवडत नाही असं मुळीच नाही. हप्ता आणि घरखर्च जाऊन तुमच्याकडे आज महिन्याला ३३,५०० उरतात, आणि ११,५०० चा ईएमआय त्यात आरामात बसतो. अडचण अशी की हे गणित दोन पगारांचं आहे, आणि येत्या वर्षात काही महिने एकच पगार असण्याची शक्यता आहे. तुमच्या पत्रात सगळं आलं, फक्त रजा संपल्यावर बाळ कोणाजवळ राहणार ते आलं नाही. पहिल्या वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च तोच आहे. त्याला दुकानात किंमतीची चिठ्ठी नसते म्हणून तो यादीत येत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि तीत जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. समजा तुम्ही दोन आठवडे आधी थांबलात. मग रजा संपेल तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं असेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, आईंना मिरज सोडता येत नाही. म्हणजे पाळणाघर, नाहीतर घरी बाई, नाहीतर तुमची बिनपगारी रजा. यातलं तिसरं झालं तर ५८,००० मधून हप्ता आणि घरखर्च गेल्यावर महिन्याला ७,५०० कमी पडतात. बाळाचा खर्च ७,००० धरा, म्हणजे १४,५००. आणि यावर ईएमआय असेल तर २६,०००. आज सुरू केलेले हप्ते बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत चालतील. पगार त्याआधीच थांबलेला असू शकतो.

एफडीतले ९०,००० बाजूला ठेवलेत तर ईएमआय नसताना तुम्ही सहा महिने घरी थांबू शकता. ईएमआय असला तर साडेतीन महिने पुरे होण्याआधीच ऑफिसला पळावं लागेल. यादीतल्या प्रॅमची, म्हणजे बाबागाडीची, खरी किंमत ही आहे.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. व्याज दुकानदार सवलत म्हणून वळतं करतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर येतो, वर प्रोसेसिंग फी. वार्षिक १५ टक्के दर धरला तर तुमच्या रकमेवर हा जीएसटी १,९०० च्या आसपास जाईल. आकडा मोठा नाही. मला खटकतं ते वेगळंच : महिन्याला ११,५०० म्हटलं की यादीतली कुठलीच वस्तू महाग वाटत नाही.

आता यादीकडे येऊ.

पहिली ओळ, ट्रॅव्हल सिस्टिम, ३२,०००. प्रॅम आणि तिच्यावर बसणारी कार सीट. तुमच्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. कार सीट ही चैनीची वस्तू नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घ्यायलाच हवी, आणि मूल सीटबेल्ट किंवा बालआसनात नसेल तर १,००० रुपये दंडही आहे. पण तुमचा प्रवास रिक्षाचा आणि लोकलचा. त्यासाठी अंगावर बांधायची चांगली कॅरियर लागते, ती दोन-अडीच हजारांत येते. स्कूटरचं म्हणाल तर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. त्याहून लहान बाळाला स्कूटरवर घेऊच नका.

कॉट, २१,०००. ती आज घेतलीत तर पहिले तीन महिने डोंबिवलीत रिकामी उभी राहील, कारण बाळ मिरजेला असेल. तिथे तुमच्या आईंनी तुमचाच पाळणा माळ्यावर जपून ठेवला असेल तर तो उतरवा, खिळे-स्क्रू तपासा, रंगाचे पोपडे निघतात का पाहा. गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी सपाट आणि घट्ट हवी, आणि आत उशी नको, अगदी मोहरीचीसुद्धा. यावर आजी रागावतील. रागावू द्या.

व्हिडिओ मॉनिटर, ८,०००. तुमचं घर वन बीएचके आहे. बाळ रडलं तर शेजाऱ्यांनाही मॉनिटर लागणार नाही.

वॉकर, ३,५००. हा फुकट मिळाला तरी नको. वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्याकडे, गॅसकडे लवकर पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. बाउन्सरचे, म्हणजे बाळाच्या झुलत्या खुर्चीचे, ७,००० ही वाचवा. हाय चेअरचं उष्टावणानंतर पाहू. तोवर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणाची तरी विकायला आलेलीच असेल. कपडे, डायपर बॅग आणि टबचे २७,००० बघून मला हसू आलं. आपल्याकडे पहिलं झबलं जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचं घालतात, ते उगाच नाही. शिवाय बारशाला बाळंतविडा येणारच आहे. झबली, टोपरी, कुंच्या, दुपटी इतकी येतील की निम्मी न वापरताच लहान होतील. आत्या, मावशी, काकू विचारतील, ‘काय आणू?’ तेव्हा संकोच न करता सांगा : एकीने सहा महिन्यांच्या मापाचे कपडे, एकीने कॅरियर, एकीने डायपर. चांदीची वाटी-चमचा कुणीतरी आणेलच, आणि ती खरंच कामाला येईल.

वाटी-चमच्यावरून दुधाच्या सामानाकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या यादीत हा भाग चुकीच्या क्रमाने आलाय. बाटल्या, स्टरिलायझर आणि वॉर्मर मिळून १३,५०० आणि इलेक्ट्रिक पंप १६,५००. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला तुमचे डॉक्टर देतीलच. तो जमला तर १३,५०० मधलं जवळपास काहीच लागत नाही. काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं, आपले बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा तेच बरं म्हणतात. बोंडलं दिसायला गोड, पण त्याची चोच आतून घासता येत नाही, म्हणून ते कपाटात ठेवा. निर्जंतुक करायला झाकणाचं पातेलं आणि दहा मिनिटं उकळतं पाणी. दूध कोमट करायला गरम पाण्याचा वाडगा. वॉर्मर याहून वेगळं काही करत नाही.

पंप मात्र ठेवा, अख्ख्या यादीत मला मनापासून पटलेली हीच एक वस्तू आहे. तुम्ही कामावर जाल तेव्हा बाळाचे सहा महिने पुरे व्हायला दोन आठवडे असतील, आणि पुढेही दूध चालूच राहावं असं तुम्हाला वाटेल. पण आज घेऊ नका. दूध किती येतं, पंप मानवतो का, ऑफिसात दूध काढायला खोली आणि फ्रिज आहे का, हे कळल्यावर, चौथ्या महिन्यात घ्या. काहींचं हजार-बाराशेच्या हाताने चालवायच्या पंपावर भागतं. फक्त कुणाचा वापरलेला घेऊ नका. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं, आपल्या मे महिन्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये चार दिवस. डोंबिवली लोकलच्या प्रवासाला बर्फाच्या पिशवीसकट थर्मल बॅग लागेल, तेवढी ५००-६०० रुपयांची खरेदी विसरू नका.

आणि यादीत नसलेली एक गोष्ट घाला : पहिल्या आठवड्यात स्तनपान सल्लागाराची एखाद-दोन वेळा भेट. बाळ नीट लागत नाही, चिरा पडतात, रात्री दोन वाजता रडारड होते आणि कुणीतरी मेडिकलमधून डबा घेऊन येतं. पुष्कळ घरांत पावडर अशीच सुरू होते. भेटीचे हजार-दीड हजार इथे कामी येतात.

तरीही पावडर लागू शकते, आणि लागली तर मनाला लावून घेऊ नका. हिशेब मात्र माहीत असू द्या. पूर्ण पावडरवरच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा साधारण चार दिवस पुरतो, म्हणजे महिन्याला सात-आठ डबे. डबा ४५० पासून ८०० रुपयांपर्यंत, म्हणजे ३,००० ते ६,०००. आधीपासून साठा करू नका. कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. सेलची वाट पाहण्यातही अर्थ नाही. १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांच्या पावडरची, आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात, सवलत, मोफत नमुना या सगळ्याला बंदी आहे. दवाखान्यात कुणी फुकट डबा हातात ठेवला तर तो उपकार नाही, कायदेभंग आहे. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाच्या डाळीचं खिमट. डब्यातल्या सीरियलपेक्षा स्वस्त आणि तुमच्या आईंच्या हातचं. मध आणि गाई-म्हशीचं दूध पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत थांबवा.

डायपर : दिवसा लंगोट आणि रात्री दोन डायपर असं मिरजेला जमेल, कारण धुवायला माणसं असतील. महिन्याला ६५०-७०० रुपये. डोंबिवलीत, पाळणाघर सुरू झाल्यावर दिवसाला पाच-सहा लागतील, म्हणजे अठराशे-दोन हजार. सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरचा आणि बाटल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. पण सगळ्यात लहान मापाचे मोठे पुडे घेऊ नका, महिन्याभरात ते होईनासे होतात.

लसींचं राहिलंच. पेंटाव्हॅलेंट, रोटा, न्यूमोकोकल, नवव्या महिन्याची गोवर-रुबेला, हे सगळं सरकारी केंद्रात मोफत मिळतं. मिरजेत सुरू करा, कार्ड सांभाळा, पुढचे डोस कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या केंद्रात घ्या. खासगीत जादा कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता एफडी. एकीच्या चार करा, म्हणजे एक मोडावी लागली तरी बाकीच्या शाबूत राहतील. ६०,००० बाळंतपणाला : तुमच्या रुग्णालयाने सिझेरियनचा आकडा ८५,००० सांगितलाय, ऑफिसच्या पॉलिसीची मर्यादा ५०,००० आहे, म्हणजे ३५,००० कमी पडू शकतात, उरलेले औषधं, जाणं-येणं आणि मालिशवाल्या बाईंना. मिरजेचं ते रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का, हे आत्ताच पाहा. नसेल तर पूर्ण बिल आधी तुम्हाला भरावं लागेल. ९०,००० तुमच्या रजेला. ४०,००० सामानाला, तेही वर्षभरात, लागेल तसे. आज खर्च करायचे ते पाच-सहा हजार. ३५,००० अडीअडचणीला. पगार चालू असेपर्यंत महिन्याची शिल्लक या शेवटच्या भागात टाकत राहा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. घरावर कर्ज आहे आणि मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स नाही. त्यांच्या वयाला, व्यसन नसेल तर, एक कोटीचं संरक्षण महिन्याला हजाराच्या आसपास मिळतं, आणि आता त्यावर जीएसटीही नाही. बाळाच्या नावाने कुणी पॉलिसी विकायला आलं तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. आधी बापाचा विमा. तुमचा बाळंतपणानंतर काढू, कारण या महिन्यांत कंपन्या बहुधा थांबायला सांगतात. बाळाचं नाव ऑफिसच्या पॉलिसीत घालायला मुदत असते, बहुतेक ठिकाणी महिनाभराची. बारशाची वाट पाहू नका, नाव ठरलं नसेल तरी ‘बेबी ऑफ’ लिहून चालतं.

या आठवड्यात एचआरला मेल करा. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे, ती कुठे आहे ते विचारा. रजेनंतर काही दिवस घरून काम मिळेल का, दूध काढायला जागा आहे का, तेही विचारा. उत्तर लेखी घ्या. त्या मेलला काय उत्तर येतं यावर ९०,००० मधले किती उरतील ते ठरेल.

आमच्या लेकीच्या वेळी मीही हौसेने प्रॅम घेतली होती. चार वेळा खाली उतरली असेल, मग दोन वर्षं गॅलरीत तिच्यात कांदे-बटाटे राहिले. मिस्टरांचं प्रॅमवर फारच मन असेल तर नाही म्हणू नका. तुम्ही मिरजेला असताना त्यांना एका हातात दहा किलो तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात भाजी घेऊन तिसरा मजला चढायला सांगा. वर पोचल्यावरही हवीशी वाटली तर चौथ्या महिन्यात घ्या, रोखीने, घडी होणारी, हलकी.