कॅनडाहून आलेलं 'इन फ्लँडर्स फील्ड्स'चं चांदीचं नाणं सराफाकडे मोडावं का?

तुम्ही विचारलंय की मामांनी कॅनडाहून आणलेलं, युद्धावरच्या कवितेचं २०१५ सालचं नाणं घरात सापडलंय. ते खरंच चांदीचं आहे का, आणि सराफाकडे मोडलं तर किती येतील?

आधी चुंबक लावून बघा. त्या कवितेला २०१५ मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा रॉयल कॅनेडियन मिंट या तिथल्या टांकसाळीने चांदीचा एक डॉलर काढला आणि रोजच्या व्यवहारातलं दोन डॉलरचं नाणंही काढलं. दोन डॉलरवालं दुरंगी असतं, मध्ये पिवळसर आणि कडेला पांढरं. त्याची कड पोलादाची असल्याने चुंबकाला चिकटते. तसं असेल तर ते मामांच्या खिशातली मोड समजा. चांदीचा डॉलर अख्खा एकाच रंगाचा, चुंबकाला न लागणारा, ९९.९९ टक्के शुद्ध. वजन २३.१७ ग्रॅम, म्हणजे जुन्या दोन तोळ्यांना गुंज-दीड गुंज कमी. रुंदी ३६ मिलिमीटर. एका बाजूला मुकुट नसलेली एलिझाबेथ राणी दिसेल.

मोडायचं म्हणाल तर नका. सराफ त्याला चांदी म्हणून तोलणार, घट धरणार आणि वर कानस मारून बघणार. चांदीचा भाव गुणिले वजन हा तुमचा तळ आहे, त्याखाली जायचं कारण नाही. त्याच्या वर किती मिळेल ते डबी, सोबतचं प्रमाणपत्र आणि नाण्याची अवस्था यावर ठरतं. पण लॉटरी लागली असंही समजू नका. ही नाणी संग्राहकांसाठीच हजारांच्या संख्येने पाडतात, शिवकालीन होनासारखी ती दुर्मीळ नसतात. आणि कॅनडातल्या बँकेत नेलंत तर फार तर दर्शनी किंमत मिळणार, एक डॉलर!

अवस्थेचं मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. मी कॅनडातल्या ग्वेल्फ गावापासून गाडीने अर्ध्या तासावर राहतो आणि हेच नाणं माझ्याकडेही आहे. आई इथे आली होती तेव्हा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिने निरांजन, अत्तरदाणी आणि सोबत हे नाणं टूथपेस्टने लख्ख घासून देव्हाऱ्यात लक्ष्मीशेजारी ठेवलं. तिच्या दृष्टीने ते उजळलं होतं. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्याचा सपाट भाग आरशासारखा आणि उठावाचं चित्र दुधी असतं, त्या दोन्हींच्या फरकातच त्याची सगळी शोभा. माझ्या नाण्याचा आरसा गेला. उजेडात तिरपं धरलं की केसासारख्या बारीक रेघा गोल गोल फिरताना दिसतात. इथल्या एका नाणेविक्रेत्याने भिंगातून पाहिलं आणि न बोलता वजनकाट्यावर ठेवलं. समजायचं ते समजलो. तेव्हा चिंच नाही, रांगोळी नाही, बोटंसुद्धा नाहीत. कडेला धरा आणि होतं त्याच प्लास्टिकच्या कवचात राहू द्या.

आता कवितेबद्दल, कारण तुम्ही तिला 'कुठल्याशा युद्धाची' म्हणालात. कवी जॉन मॅक्रे हा सैन्यातला डॉक्टर, जन्म ग्वेल्फचा. त्याचं दगडी बैठं घर आता संग्रहालय आहे, मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिल-मे मध्ये, तो बेल्जियममध्ये फ्लँडर्स भागातल्या ईप्र शहराजवळ जखमींवर उपचार करत होता. २ मे रोजी त्याचा तरुण मित्र अ‍ॅलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी मॅक्रेने या पंधरा ओळी लिहिल्या. डिसेंबरात त्या लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात आल्या, कवीच्या नावाशिवाय. मॅक्रे स्वतः जानेवारी १९१८ मध्ये न्यूमोनियाने गेला, युद्ध संपलेलं पाहायला उरला नाही.

'इन फ्लँडर्स फील्ड्स द पॉपीज ब्लो' ही कवितेची पहिली ओळ. त्यातलं पॉपी म्हणजे आपली अफू-खसखस नव्हे, तिची शेतात उगवणारी तांबडी बहीण. तिचं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं आणि माती उलथली की उगवतं. तोफांनी आणि कबरींनी तेवढं काम केलं. कवितेचा शेवट मात्र मला खटकतो. मेलेले सैनिक जिवंतांना लढाई पुढे चालवायला सांगतात, आणि त्या ओळी पुढे युद्धकर्जासाठी पैसे गोळा करायलाही वापरल्या गेल्या.

नाण्यावर किंवा सोबतच्या कागदावर पहिल्या ओळीत 'ब्लो' दिसलं तर बनावट समजू नका. २००१ मध्ये कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर ही ओळ आली, तेव्हा 'ग्रो' हवं होतं, नोट चुकली, अशी अफवा उठली होती. 'पंच'मध्ये 'ब्लो'च छापलं होतं, म्हणजे फुलतात. गोंधळ घातला तो मॅक्रेनेच, नंतरच्या एका हस्तलिखित प्रतीत त्याने 'ग्रो' लिहिलं.

एक आपल्याकडचा धागाही आहे. कविता लिहिली जाण्याच्या आठवडाभर आधी, २६ एप्रिलला, त्याच ईप्रच्या लढाईत हिंदुस्थानी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने हल्ला चढवला होता. त्या दिवशीच्या शौर्यासाठी जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. ईप्रच्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर हिंदुस्थानी सैनिकांचीही नावं कोरलेली आहेत.

विकायचंच असेल तर नाणी हाताळणाऱ्या दोघा-तिघांना दाखवा. सराफाकडे गेलात तर काटा तुमच्यासमोर करायला सांगा आणि घासू देऊ नका.