तीन वर्षांचं कंपोस्ट आजच विकत घ्यावं का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: घराभोवती 200 चौरस मीटर लॉन आहे. मधेमधे टक्कल पडलंय, पाणी घातलं की वरच साचतं, आणि जमीन पायाखाली टणक लागते. बागकाम करणाऱ्या एका कंपनीने दोन पर्याय दिलेत. एक, सगळं उखडून तयार हिरवळीचे गालिचे अंथरायचे. त्यात दोन महिन्यांचा घरखर्च जाईल. दुसरा, वर्षातून एकदा जमिनीला भोकं पाडून वर कंपोस्टचा पातळ थर द्यायचा, म्हणजे टॉपड्रेसिंग, तीन वर्षं. तिन्ही वर्षांचे पैसे आत्ता भरले तर 20 टक्के सूट. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, हा तुमचा प्रश्न. आणि यजमानांचा प्रश्न, ‘मातीवर माती टाकायला पैसे कशाला?’

गालिच्यांचा पर्याय आधी बाजूला ठेवू. खालची जमीन तशीच टणक राहिली तर नव्या गवताची मुळंही वरच्या वर घुटमळतील आणि दोन-तीन वर्षांत तुम्ही आहात तिथेच याल. खाली माती सुधारून मग गालिचा, असं कुणी म्हणत असेल तर खर्च आणखी वाढेल. तो विषय संपला.

आता सूट. ती मी सहज उडवून लावणार नाही, कारण आकडेमोड केली तर ती बरीच घसघशीत निघते. एका वर्षाच्या कामाला 1 धरू. सुटं घेतलं तर आज 1, पुढच्या वर्षी 1, त्याच्या पुढच्या वर्षी 1. एकदम घेतलं तर आज 2.4. म्हणजे आज 1.4 जास्त भरून तुम्ही पुढचे दोन हप्ते वाचवता. याचा वार्षिक परतावा साधारण 27 टक्के पडतो. तुमची ठेव याच्या जवळपासही देत नसणार. कंपनीचा माणूस हे गणित मांडत नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

पण तो परतावा तिन्ही वर्षांचं काम लागलं आणि झालं, तरच. दोनच वर्षं लागली तर 2 च्या कामाला 2.4 गेले. पहिल्याच वर्षी कळलं की दुखणं मातीचं नव्हतंच, तर 1.4 पाण्यात. कंपनी मधेच बंद पडली तरी तेच. तुमच्या पत्रात करार रद्द करण्याच्या अटीबद्दल एक शब्दही नाही, तेव्हा ती आधी लेखी मागा.

दुखणं मातीचं आहे की नाही, हे अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी टकलाच्या जागी आणि बऱ्या गवतात, दोन्हीकडे हाताने दाबून पाहा. बऱ्या जागी तो मुठीपर्यंत जातो आणि टकलात बोटभरसुद्धा शिरत नाही, तर माती दाबली गेली आहे आणि भोकं पाडून कंपोस्ट देणं हा योग्य उपाय आहे. दोन्हीकडे सारखाच जातो, तर मग वर बघा. झाडाची दाट सावली असेल किंवा गवत फार खोल कापलं जात असेल, तर कितीही कंपोस्ट टाका, टक्कल भरणार नाही. कापताना उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त काढायचं नाही. हा बदल फुकटात होतो. सोबत माती परीक्षण करून घ्या: सामू (pH), सेंद्रिय कर्ब (कार्बन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश). अहवालातल्या कर्बाच्या आकड्याला 1.72 ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचं प्रमाण मिळतं. हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत छोटा खर्च आहे आणि तोच आधी करायचा.

यजमानांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण टोमणा असला तरी तो नेमक्या जागी बसलाय. तुमच्या लॉनखालच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन 40 टनांच्या आसपास भरेल. तिच्यात सेंद्रिय पदार्थ फक्त 1 टक्क्याने वाढवायचा तर 400 किलो हवा. कंपोस्टचा 6 मिलिमीटरचा थर म्हणजे 1.2 घनमीटर, सुमारे 700 किलो. त्यात निम्मं पाणी. उरलेल्यातला साधारण निम्मा भागच सेंद्रिय पदार्थ, म्हणजे पावणेदोनशे किलो. एका थराने अर्धा टक्काही वाढत नाही, आणि त्यातला बराचसा भाग जिवाणू वर्ष-दोन वर्षांत खाऊन टाकतात. तेव्हा एका वर्षात चमत्कार होणार नाही, दोन-तीन थर बहुधा लागतीलच. इथे कंपनीची बाजू बळकट आहे. पण दर थराबरोबर स्फुरदही येतं. गवताला ते नत्राच्या (नायट्रोजनच्या) मानाने थोडंच लागतं आणि उरलेलं जमिनीत साठत जातं. अहवालात ते आधीच भरपूर निघालं, तर थर आवरते घ्यावे लागतील. तिसरा थर लागेल की नाही, हे आज कुणालाच सांगता यायचं नाही.

कंपोस्ट कसलं, हेही कोटेशनमध्ये नाही. मी स्वतः एकदा स्वस्त मिळालं म्हणून कच्चं कंपोस्ट उतरवून घेतलं होतं. ढिगात हात घातला तर आत चटका बसण्याइतकं गरम, आणि डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. तरी पसरलं. महिनाभरात गवत पिवळं आणि तण मात्र हिरवंगार. तण उपटायला लावलेल्या माणसाची मजुरी कंपोस्टच्या किमतीपेक्षा जास्त झाली. तेव्हा माल बघूनच घ्या. मूठभर ओलं करून बंद पिशवीत आठवडाभर ठेवा; उघडल्यावर पावसाळी मातीचा वास आला पाहिजे, सडका किंवा झोंबणारा नको. ते साधारण 10 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेलं हवं. क्षारांचं प्रमाण आणि तणनाशकाचे अंश तपासल्याचा कागद मागा. पुरवठादार कागद दाखवायला कचरत असेल, तर कुंडीत त्या कंपोस्टमध्ये घेवड्याच्या चार बिया लावून पाहा. पानं वेडीवाकडी, चुरगळलेली आली तर तो माल नको.

आणखी एक गोष्ट विचारा: कोटेशनमध्ये कंपोस्टचे किती आणि मजुरीचे किती? या कामात मोठा वाटा बहुतेक वेळा वाहतुकीचा आणि पसरण्याचा असतो. 1.2 घनमीटर म्हणजे 80 लिटरच्या ढकलगाडीच्या 15 फेऱ्या. भोकं पाडायचं यंत्र भाड्याने घेतलं आणि दोघांनी दाताळं, खराटा हाती धरला, तर दोन सुट्ट्यांच्या सकाळी लागतील. पाठीचं दुखणं असेल तर या वाटेला जाऊ नका.

मी काय केलं असतं ते सांगतो. यंदा अर्ध्या लॉनवर एकच थर, सुट्या दराने. उरलेला अर्धा तसाच, तुलनेसाठी. गवत जोमाने वाढत असतं त्या हंगामात, आधी भोकं, मग 6 मिलिमीटर थर, खराट्याने भोकांत लोटलेला. काम झाल्यावर पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत, नाहीतर खालचं गवत गुदमरतं. त्या भागावर रासायनिक खताच्या वर्षातल्या तीन मात्रांपैकी एक वगळून बघा. कंपोस्टमधलं नत्र हळूहळू सुटतं, पहिल्या वर्षी थोडाच वाटा, पण थर एवढा असला की साधारण एका मात्रेची भरपाई होते. कापलेलं गवत तिथेच राहू दिलं तर गवताच्या गरजेच्या पाव भागापर्यंत नत्र परत मिळतं, तेही फुकट.

वर्षाने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर. फरक पडला असेल तर कंपनीकडे पुढच्या दोन वर्षांसाठी एकरकमी 10 टक्के सूट मागा. त्यातही आज 0.8 जास्त भरून वर्षभराने 1 वाचतो, म्हणजे 25 टक्के. आणि तेव्हा तुम्ही डोळे उघडे ठेवून भरत असाल.

ठेव मात्र यासाठी मोडू नका. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाएवढाच आपत्कालीन निधी आहे आणि तो याच ठेवीत आहे. अर्ध्या लॉनचा एक थर महिन्याच्या शिलकीतून निघत नसेल, तर पाव लॉन करा. आणि ‘घराची किंमत वाढेल’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य हिशेबातून काढून टाका. हा गुंतवणुकीचा खर्च नाही, छताच्या डागडुजीसारखा देखभालीचा आहे. माती परीक्षणाचा अहवाल आला की स्फुरदाचा आकडा मला कळवा, पुढच्या थराचं तेव्हा बघू.