नाशिकजवळ पुनरुत्पादक शेती, म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती, प्रत्यक्ष शेतात शिकायची आहे. दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण पुरेल का?

नाही पुरणार. पैसे भरायचेच असतील तर जो शेतकरी तुम्हाला अख्खा हंगाम आपल्या शेतात येऊ देईल त्याला भरा.

एवढं लिहून थांबले असते. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सिन्नरकडे घरची दोन एकर आहे, नोकरी पुण्यात आहे, आणि वडील म्हणतात, "शेतकऱ्याच्या पोराला शेती शिकायला पैसे कशाला लागतात?" हेच वाक्य मी आमच्या ओट्यावर, चारचौघांत, मोठ्या दिरांच्या तोंडून ऐकलंय. फक्त "पोराला"च्या जागी "सुनेला" होतं. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, भारी काळ्या जमिनीत. दिरांची बाग लागूनच, मध्ये फक्त बांध. वाण तोच, लागवड एकाच वर्षाची, विहीर सामाईक. त्यांच्या दोन ओळींमध्ये गवताची काडी दिसली की रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरचं अवजार, फिरलाच. बाग सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ, आणि येणारा-जाणारा त्याचं कौतुक करणार. आमच्याकडेही आधी तेच चालायचं.

मी शिकायला जाऊ लागले ते दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांकडे, खरड छाटणीपासून, म्हणजे उन्हाळ्यातल्या पहिल्या छाटणीपासून. तिथे प्रोजेक्टर नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हातात कुदळ दिली आणि बोदाच्या, म्हणजे वेलीच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्याच्या, कडेला गुडघाभर खोल दोन खड्डे घ्यायला लावले. एक शेजारच्या रोटर चालणाऱ्या बागेत, दुसरा त्यांच्या स्वतःच्या बागेत, जिथे काही वर्षं रोटर गेलाच नव्हता. पहिल्या खड्ड्यात वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत आणि तिच्याखाली कुदळ टणकन वाजली. पांढरी मुळी, म्हणजे अन्नपाणी घेणारी कोवळी मुळी, तिथवर उतरली होती आणि त्या कडक थरावरून आडवी पळाली होती. दुसऱ्या खड्ड्यात माती दाणेदार, गांडुळांची भोकं दिसत होती, मुळी सरळ खाली गेलेली. मग दोन्हीकडची सुकी ढेकळं काचेच्या ग्लासांत पाण्यात सोडायला लावली. रोटरच्या बागेतलं ढेकूळ बघता बघता फुटून तळाशी गाळ झालं. दुसऱ्यातून बुडबुडे निघाले, पण ढेकूळ जागच्या जागी राहिलं. "पाऊस पडल्यावर जमिनीत हेच होतं," एवढं म्हणून ते गवत कापायला निघून गेले. मी मात्र बराच वेळ त्या ग्लासांपाशी बसून होते. पांढऱ्या मुळीसाठी आपण ड्रिपमधून काय काय सोडतो, आणि तिची वाट आपणच बंद करतो, हे मला कुठल्याही व्हिडिओने दाखवलं नव्हतं.

घरी येऊन आम्ही रोटर बंद केला. दोन ओळींमधलं गवत कापून तिथेच पाडायचं, काड्यांचा चुरा बोदावर टाकायचा. दीर म्हणाले, बाग पडीक टाकली.

मग २०१९ ची दिवाळी आली. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची दुसरी छाटणी, झालेली, घड बाहेर पडलेले आणि पाऊस थांबायला तयार नाही. डावणी या बुरशीसारख्या रोगासाठी काय फवारायचं हे पोराटोरांनाही ठाऊक होतं, पण चिखलात ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, जाईना. दिरांचा ट्रॅक्टर ओळीतच रुतला, ओढायला दुसरा बोलवावा लागला. आमच्या गवतावरून ब्लोअर पावसाच्या प्रत्येक उघडिपीत फिरला. नुकसान आमचंही झालं, खूप झालं. पण बाग सोडून द्यावी लागली नाही. फरक औषधात नव्हता, चाकाखालच्या जमिनीत होता.

आता "शेतकऱ्याला शिकायचं काय" याबद्दल. नाशिकच्या शेतकऱ्याने तरी हे बोलू नये. वर्षातून दोन छाटण्या, मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवणं, डॉगरिज या खुंटावर कलम, यातलं आजोबांनी काय शिकवलं होतं? सगळं चर्चासत्रांत, शिवारफेऱ्यांत, एकमेकांच्या बागेत जाऊनच शिकलो ना? माझे दीर आजही सल्लागाराला एकरी फी देतात. औषध कोणतं हे विचारायला पैसे दिलेले चालतात आणि माती कशी बघायची हे शिकायला दिले की हसू येतं, हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

बहुतेक दोन दिवसांच्या शिबिरांत जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाच्या आंबवलेल्या द्रावणाचा, ड्रम ढवळून दाखवतात. ते २०० लिटरचं प्रमाण तुम्हाला एव्हाना पाठ असेल. दाखवायला सोपं म्हणून ते दाखवतात. जमीन कायम झाकलेली ठेवणं, नांगरट कमी करणं, वर्षभर काही ना काही जिवंत मुळी जमिनीत असणं, पिकांची फेरपालट, ही पुनरुत्पादक शेतीची खरी कामं, आणि ती शनिवार-रविवारात दिसत नाहीत. शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झाली ती याच कारणाने: पेरणीपासून काढणीपर्यंत शेतकरी दर आठवड्याला त्याच शेतात भेटतात. आपल्याकडे कृषी विभागही शेतीशाळा घेतो, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भातशेतीची पद्धत जमली तर भाताच्या हंगामात बघून या. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच. त्यात तणनाशक वापरतात म्हणून काही जण नाकं मुरडतात. मी मुरडत नाही.

कुठेही जाण्याआधी त्या माणसाचं शेत मे महिन्यात बघा. मे महिन्यात जमीन उघडी दिसली तर तिथे पैसे भरू नका.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी सेंद्रिय शेतकरी नाही, बुरशीनाशकं फवारते. बिनफवारणीची द्राक्षं शिकवतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. कोरडं पाचट मातीत गाडू नका, कुजताना ते नत्र अडकवतं आणि पीक पिवळं पडतं. ते वरच राहू द्या. आणि माझा सगळा अनुभव भारी जमिनीचा, विहिरीच्या पाण्याचा आहे. तुमच्याकडे मुरमाड, कोरडवाहू असेल तर ओळीतलं गवत पिकाचं पाणी पिईल. तिथे बाजरीत तूर घ्या, मोकळ्या जागेत हुलगा-मटकी पसरू द्या. हिरवळीचं खत म्हणून ताग गाडण्याइतका ओलावा दर वर्षी मिळेलच असं नाही, त्यामुळे सगळ्या रानात ताग करू नका.

नांगरट एकदम सगळीकडे बंद करू नका. बांधालगतचं अर्धा एकर वडिलांकडून मागून घ्या, उरलेलं त्यांच्या पद्धतीने चालू द्या. आणि शिकायला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या, दोघांची फी लागली तरी. कुदळ त्यांच्याच हातात द्या.