कुत्रा भित्रा आहे, काय करू?

प्रश्न : महिन्याभरापूर्वी आम्ही रस्त्यावरची दीड-दोन वर्षांची कुत्री घरी आणली. दिवसभर पलंगाखाली बसते, आम्ही झोपल्यावर खाते. राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट दिसली की चारही पाय रोवून बसते, मग उचलून आत न्यावं लागतं. परवा पार्किंगमध्ये बाइकच्या आवाजाने पट्ट्यातून मान सोडवून पळाली. गेट बंद होतं म्हणून सापडली. सवय व्हावी म्हणून रोज लिफ्टने नेतो, पण भीती वाढतेच आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी पट्ट्याचं बघा, कारण ती एकदा रस्त्यावर पळाली तर पुढचं सगळं राहून जाईल. घाबरलेलं कुत्रं मागे सरकतं, मान खाली घालतं आणि गळपट्टा कानांवरून निघून येतो. बरगड्यांच्या मागे, पोटाला जादा पट्टा असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाला बसणारा पट्टा) घ्या. एक दोरी हार्नेसला, दुसरी गळपट्ट्याला, आणि दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा आणि त्याला फोन नंबरचा बिल्ला लावा. आवळणारी साखळी अजिबात नको.

आता लिफ्ट. रोज उचलून नेल्याने तिला लिफ्टची सवय होत नाही. रोज घाबरण्याची होते. शिवाय तुम्ही जवळ आलात की उचलणार, हेही ती शिकते. तेव्हा लिफ्ट सध्या पूर्ण बंद. जिना चढत-उतरत असेल तर जिन्याने न्या. रस्त्यावर वाढलेल्या अनेक कुत्र्यांना जिनाही नवाच असतो. तिचं तसं असेल तर शी-शूसाठी काही दिवस गच्ची किंवा बाल्कनीत मातीचा ट्रे.

खाऊ म्हणून नुसतं उकडलेलं चिकन किंवा पनीर. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर कुत्र्यांना विषारीच. तुकडे हरभऱ्याएवढे, एका वेळी पंधरा-वीस, आणि तेवढं जेवणातून कमी करा.

पहिले काही दिवस पलंगापासून सहा-सात फुटांवर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा. तुकडा तिच्या पलीकडे टाका, हातातून देऊ नका. इथे बहुतेकांचं चुकतं. हातातल्या चिकनच्या मोहाने कुत्रं पुढे येतं, घास गिळतं, मान वर करतं आणि माणूस एकदम नाकाशी दिसतो. पुढच्या वेळी ते चिकनलाही बिचकतं. तुकडा लांब पडला की खाऊही मिळतो आणि अंतरही. काही दिवसांनी खाऊन झाल्यावर ती स्वतःच तुमच्या दिशेने वळेल. तेव्हाही हात पुढे करू नका.

लिफ्टची सुरुवात घराच्या दारातूनच करा. लिफ्टचा आवाज आला की लगेच एक तुकडा. क्रम महत्त्वाचा : आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर चिकनचा डबा उघडला की आता काहीतरी वाईट होणार, असं तिच्या मनात बसतं. दुसरा टप्पा पॅसेजमध्ये, बंद लिफ्टपासून दहा फुटांवर. मग कोणीतरी दार उघडं धरायचं आणि तुम्ही तुकडे उंबऱ्यावर, नंतर आत टाकायचे. तिने आत जावं, खावं आणि तिला वाटेल तेव्हा बाहेर यावं. ती आत गेली की दार लावून टाकायचा मोह होईल, तो आवरा. एकदा फसवलंत की पुन्हा घराच्या दारापासून सुरुवात. हे जमल्यावर दार लावून लगेच उघडणं, मग फक्त एक मजला खाली आणि उरलेला जिना. दुपारी दोन ते चार सोसायटी निवांत असते, तेव्हा करा. एका वेळी पाच मिनिटं पुरे. सलग दोन दिवस सहज जमलं तरच पुढचा टप्पा.

आपण घाई करतोय का, हे तिचं तोंडच सांगतं. झोप नसताना जांभई, नाकावरून जीभ फिरवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं ही सुरुवात असते. नेहमी आवडीने खाल्लेलं चिकन नाकारलं तर तुम्ही फार जवळ आला आहात. चार पावलं मागे या किंवा त्या दिवसापुरतं थांबवा. महिने लागू शकतात. आणि ती आपणहून अंगाला टेकली तर खुशाल कुरवाळा. लाडाने भीती वाढते, हा निव्वळ गैरसमज आहे.

प्रश्न : आमचा कुत्रा पाहुण्यांवर गुरगुरतो. यजमान वर्तमानपत्राची सुरळी मारतात. हल्ली गुरगुरणं कमी झालं, पण गेल्या आठवड्यात आवाज न करता थेट भाच्याच्या हातावर दात लावले.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : यजमानांना सांगा, सुरळी आजपासून बंद. गुरगुरणं हा इशारा होता. माराने इशारा गेला, भीती तशीच राहिली. पाहुणे यायच्या आधी त्याला आतल्या खोलीत चघळायला देऊन ठेवा, दार लावा. सगळे बसल्यावर पट्टा बांधून आणा, तोही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पाहुण्यांनी बघायचं नाही, बोलायचं नाही, ‘आम्हाला कुत्र्यांची सवय आहे’ म्हणत हात तर मुळीच घालायचा नाही. खाऊ तुम्हीच द्या. मुलं घरात असताना तो आतच बरा. दात लागल्यामुळे कुत्र्याची डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्तनतज्ज्ञाचा सल्ला आता घ्याच. भाच्याची जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली नसेल, रेबीजच्या लशीबद्दल विचारलं नसेल, तर कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी आजच भाच्याला दवाखान्यात न्या.

प्रश्न : दिवाळी दोन महिन्यांवर आली. फटाक्यांनी आमची कुत्री थरथरते, लाळ गाळते. गेल्या वर्षी झोपेची गोळी दिली होती.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन महिने हातात आहेत, हे चांगलं. फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतक्या कमी आवाजात लावा की तिचा फक्त कान हलेल. प्रत्येक धमाक्यामागे एक तुकडा. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा घुमणारा आवाज येत नाही, म्हणून मोठा स्पीकर वापरा. आवाज काही दिवसांनी एकेक अंशाने वाढवा. खऱ्या सुतळी बॉम्बला हे पुरं पडणार नाही, पण भीती एक पायरी खाली येते.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ दिली होती. गल्लीतली पोरं घड्याळ बघत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा फिरवणं पाचच्या आत उरका. आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू. ती न्हाणीघरात लपली तर तिथेच चादर टाका, ओढून बाहेर काढू नका.

गोळीबद्दल : ॲसेप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटं देत असाल तर यंदा डॉक्टरांशी बोला. त्याने अंग ढिलं पडतं, मनातली भीती जात नाही. कुत्री पडून राहते आणि सगळं ऐकते. खरोखर भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची चाचणी दिवाळीच्या आधी शांत दिवशी घ्या आणि प्रत्यक्ष दिवशी धमाके सुरू व्हायच्या आधी, सांगितलेल्या वेळी द्या. थरथर सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. माणसांची गोळी अंदाजाने कधीच नको.

प्रश्न : नऊ वर्षांचा लॅब्रेडोर. आयुष्यात कशाला घाबरला नाही, आता कुकरच्या शिट्टीनेही दचकतो.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : शिकवण्याआधी तपासणी. उतारवयात अचानक आलेल्या भीतीमागे अनेकदा दुखणं असतं, लॅब्रेडोरमध्ये विशेषतः कंबर आणि कोपर. दचकताना अंग झटक्याने आखडतं, सांधा दुखतो आणि दुखण्याचा संबंध त्या आवाजाशी जोडला जातो. तो उठताना, जिना उतरताना आणि गाडीत चढताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात भीतीपोटी तो लंगडणं लपवेल.