वाचक विचारतात : गोकर्णला मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : डिसेंबरात चार दिवस गोकर्णला निघालोय. आम्ही दोघं, कॉलेजातला मुलगा आणि गुडघेदुखी असलेली आई. परदेशी लोक राहतात त्या कुडले किनाऱ्यावर उतरावं की देवळाजवळ?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गावातच उतरा. कुडलेला गाडी टेकडीवरच थांबते, पुढे पायऱ्या, आणि बॅगा हातातच न्यायच्या. एकदा खाली उतरल्यावर आईंना पुन्हा वर चढणं जिवावर येईल आणि चार दिवस खोलीतच जातील. महाबळेश्वराचं देऊळ, कोटितीर्थाचं तळं आणि गावचा किनारा मात्र हाकेच्या अंतरावर आहेत. गाभाऱ्यात जायला पुरुषांना धोतर लागतं, अंगात शर्ट चालत नाही. घरूनच एक धोतर बॅगेत टाका.

ओम किनाऱ्याच्या माथ्यापर्यंत रिक्षा जाते. दोन अर्धचंद्र जोडल्यासारखा त्याचा आकार वरूनच दिसतो, तेवढं आईंना नक्की दाखवा.

मुलाला ओमपासून हाफ मून, पुढे पॅरडाइज असं चालत जायचं असेल तर सकाळी आठच्या आत निघू दे. वाट जांभ्या दगडाची. उतारावर बारीक खडे सांडलेल्या जोंधळ्यासारखे पायाखालून घरंगळतात, चप्पल तिथे दगा देते. बूट हवेत, माणशी दोन लिटर पाणी हवं. ओहोटीला खडकांवरून वळसा घालायचा मोह होतो, पण शेवाळावर पाय घसरतो आणि भरती आली की मागची वाट बंद होते. टेकडीचीच वाट धरावी. पॅरडाइजला गाडीरस्ता नाही, म्हणून परतीच्या होडीची वेळ आधी पक्की करा, अंधार पडू देऊ नका.

समुद्रात ओढ जाणवली तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. आधी किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग किनाऱ्याकडे या. दमछाकीनेच माणसं बुडतात.

गाडीने बेळगाव, हुबळी, यल्लापूर, अंकोला असं साधारण साडेतीनशे किलोमीटर; थांबे धरून आठ तास ठेवा. यल्लापूरनंतरच्या अरबैल घाटात अवजड ट्रक फार, तो उजेडीच उतरा. रोख पैसे गावातल्या एटीएममधून काढून घ्या.

प्रश्न : तिथल्या परदेशी पाहुण्यांसोबत फोटो काढले तर चालतात का?
– एक वाचक, महाद्वार रोड

उत्तर : विचारून, आणि नाही म्हणाले तर लगेच मोबाईल खिशात. वाळूत पहुडलेल्या बाईचा लांबून फोटो काढणं सरळसरळ वाईटच. रंकाळ्यावर आपल्या बहिणीचा कुणी असा काढला तर आपल्याला खपेल का?