भाऊ रोज पितो, साताऱ्याजवळ उपचार कुठे मिळतील?

आधी एक सांगते: घरच्यांनी बाटल्या लपवून त्याची दारू एका दिवसात बंद करू नका. रोज पिणाऱ्याची अचानक तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, दोन-तीन दिवसांत फिटही येऊ शकते. जिवावर बेततं. म्हणून पहिली फेरी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात. किती पितो, शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. आपल्याकडे तिथेही "कधीमधी घेतो" म्हणायची सवय आहे.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, जवळचं केंद्र विचारा. दाखल करायचंच असेल तर पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून.

गल्लीबोळातल्या केंद्रांबाबत मात्र सावध राहा. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, विचारा. "रात्री गाडी पाठवून उचलून नेतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

घरी आल्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या, सभा. फी नाही, मराठीतही चालतात. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, बाहेर चहाच्या टपरीवर थांबा.