स्कूल बोर्डावर नव्याने निवडून आलेल्या सदस्यास
कॅलिफोर्नियात सुपरिंटेंडंटचा (शाळा-जिल्ह्याच्या मुख्य प्रशासकाचा) करार कायद्याने जास्तीत जास्त 4 वर्षांचा असतो, मात्र तो तेवढा काळ टिकेल की नाही हे पुष्कळदा आपल्या बोर्डाच्या वागण्यावर ठरते. हा अधिकारी संपूर्ण बोर्डाने नेमलेला असल्यामुळे एकट्या सदस्याने त्याला हुकूम सोडू नयेत. रात्री एखादा पालक फोनवर मुख्याध्यापकाची बदली मागू लागला, तर शांतपणे ऐकून घ्यावे, शब्द देऊ नये. सुपरिंटेंडंटच्या कामगिरीबद्दलची नाराजी जाहीर सभेत टाळ्या मिळवण्यासाठी काढण्याऐवजी मूल्यमापनाच्या बंद बैठकीत स्पष्ट मांडावी. ब्राऊन कायदा, म्हणजे सार्वजनिक मंडळांच्या सभा खुल्या ठेवायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा, अशा बंद बैठकीला मुभा देतो. शाळा बंद करण्यासारखा अप्रिय ठराव बोर्डाने बहुमताने केला असेल, तर लोकक्षोभ एकट्या सुपरिंटेंडंटच्या गळ्यात घालून आपण नामानिराळे राहणे (हा मोह फार होतो) सर्वथा गैर आहे.